आधीच पाहिलेला गणपती

अपेक्षाचं पत्र टेबलावर पडून होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं. चार ओळी लिहायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या. जन्मभर पुस्तकं वाचून ही गत.

अपेक्षा म्हणजे पेणजवळच्या जोह्यातल्या हरेशची मुलगी, दहावीतली. आमचा गणपती दरवर्षी हरेशच्याच कारखान्यातून रोह्याला येतो. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी रंगवतात. मग तोंडावर रुमाल टाकतात, तो थेट आमच्या दारात काढायचा. यंदा आमच्या मूर्तीचे डोळे पहिल्यांदाच अपेक्षाने रंगवले आणि आनंदाच्या भरात त्याची रील टाकली. रुमाल पडायच्या आधीच आमचा बाप्पा निम्म्या जिल्ह्याने पाहिला! हरेशने तिचा फोन काढून घेतला. म्हणून पत्र: 'आजोबा, मूर्ती चालेल का? तुम्ही हो म्हणालात तरच अकाउंट राहील, नायतर बाबा उडवणार.'

पण रीत मोडलेली चालेल म्हणणारा मी कोण? घरात शेवटचा शब्द कृष्णाबाईचा, माझ्या बायकोचा. तिला विचारायचं धाडस होत नव्हतं.

रविवारी नात प्रणिता ओरडतच आली. "आजोबा! अपेक्षाने मैत्रिणीच्या फोनवरून कळवलंय, बाबा आज अकाउंट उडवतायत. तुम्ही उत्तर दिलं नाय?"

"कसलं उत्तर?" कृष्णाबाई स्वयंपाकघरातून बाहेर. झालं. सगळं सांगावं लागलं.

"दाखव गो ती रील," ती प्रणिताला म्हणाली.

ब्रश अलगद बुबुळापाशी आला, टेकला, आणि मूर्ती एकदम आमच्याकडे बघू लागली. कृष्णाबाईने पदर सावरला. "पुन्हा लाव." पुन्हा लावली. तिने शेजारच्या हौसाला हाक मारली, "ये गो, हा आमचा हाय!" प्रणिताच्या मैत्रिणी आल्या, रीलच्या गाण्यावर पडवीत नाचू लागल्या. माझ्याही पायाने ठेका धरला. तो मी खुर्चीखाली लपवला.

"मग रुमालाचं काय?" मी हळूच विचारलं.

"टाकायचा की! परगावचा नातू रोज फोनवर दिसतो, म्हणून घरी आल्यावर ओवाळत नाय का मी त्याला? लावा हरेशला फोन."

"हरेशकाका उचलत नाय, हात रंगात," प्रणिता म्हणाली. "पण अपेक्षा सांगते, मधेच हात पुसून त्याच जप्त केलेल्या फोनवर कमेंटी वाचतात. चोरून! तिथेच लिहा."

फोन माझ्या हातात आला. पोरी खांद्यावरून डोकावत होत्या.

'चि. अपेक्षास अनेक आशीर्वाद. पत्र पावले.'

"आजोबा, कमेंट हाय ती, पोस्टकार्ड नाय!"

"मला असंच येतं."

'उत्तरास उशीर झाला, क्षमस्व. मूर्ती चालेल. नव्हे, हीच हवी. डोळे फार जिवंत उतरले आहेत. रुमाल मात्र टाकून पाठव, आजी दारात काढणार आहेत. हरेश, अकाउंट राहू दे.' खाली पूर्ण नाव, मुक्काम रोहा.

वाचून पाहिलं. 'जिवंत' जरा जास्तच वाटलं. बोट खोडायला वळलं.

"ना‌य!" पडवी एका आवाजात ओरडली.

मी डोळे मिटून पाठवायच्या बाणावर बोट दाबलं. गेलं उत्तर.