ओल्या फरशीवरून

फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीचा एक नियम होता. पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात करायची, मागे सरकत दारात यायचं आणि ओल्या फरशीवर चुकूनही पाय द्यायचा नाही. त्या दुपारी तो दाराशी शेवटची ओळ बसवत होता आणि फोन राहिला होता समोरच्या खिडकीत. वाजला. वाजू दे, म्हणाला. थांबून पुन्हा वाजला, मग पुन्हा. तेव्हा तो सरळ फरशीवरून चालत गेला.

मेहुणी होती. "भाऊजी, ताई गेली हो. दुकानात उभ्या उभ्या कोसळली."

पायांखालच्या फरश्या खचल्या होत्या. त्यांवरूनच तो परत आला.

बायको मेहुणीबरोबर टँगो नाचायला जायची. त्यालाही ओढायची. "नाचू नका, नुसतं चाला. बाकीचं मी बघते." तो म्हणायचा, एवढं काम हातावेगळं होऊ दे. एक संपलं की दुसरं उभंच.

घर खायला उठायला लागलं, तेव्हा तो आपणहून मेहुणीबरोबर नाचाच्या हॉलवर गेला. बायकोसाठी एक अख्खं गाणं नुसतं चालायचं, एवढंच मनात होतं.

शिकवणाऱ्या बाईंनी त्याचे हात धरले. तो पुढे, त्या उलट्या पावली मागे. पण तो पाऊल टाकी आणि निम्मं वजन मागच्या पायावर राखून ठेवी. नजर जमिनीवर.

"मिस्त्री, मी काय ओली फरशी आहे?" बाई म्हणाल्या. "तुम्ही कुठल्या पायावर आहात तेच कळत नाही. मग मी जाऊ कुठे?"

"जन्म गेला हो असं चालण्यात."

मेहुणी भिंतीशी बसली होती. "ताई म्हणायची, आमचे हे मांजराच्या पावलांनी येतात. चहा मागितला की दचकायला होतं!"

तो हसला. हसण्यानेही थकायला झालं.

"कधीच सगळं वजन टाकून चालला नाहीत?" बाईंनी विचारलं.

"एकदाच."

गाणं लागलं. त्याने मान वर केली आणि त्या दुपारी गेला होता तसा चालू लागला. सगळं अंग एका पायावर, मग दुसऱ्यावर. बाई आपसूक मागे सरकत गेल्या. भिंत आली, तिथे त्याचे पाय थांबले.

"बसतो जरा," तो म्हणाला. मेहुणीने पाणी दिलं. गाणं अजून चालूच होतं.

अख्खं गाणं चालायचं राहिलंय. त्या खोलीतल्या खचलेल्या फरश्याही अजून बदलायच्या आहेत.