जोलीनची अडलेली सही

मी कागद बोलतोय. पिवळा, सुरकुतलेला, कडा करपलेल्या. बघणाऱ्याला वाटतं, दोनशे वर्षांचा म्हातारा असेल. कसलं काय! जुनाट दिसावं म्हणून पोरांनी मला काळ्या चहात बुचकळलं आणि शाळेच्या स्वयंपाकघरात ओव्हनमध्ये भाजलं. तेव्हा वय म्हणाल तर एक दिवस.

झालं असं, की यंदा आमच्या ओहायोतल्या शाळेत हुकूम आला : आठवीच्या प्रत्येक पोरानं देशाची राज्यघटना वाचायचीच. शिकवायला कोण? फुटबॉलचे कोच विझनेस्की! हातात घटनेची चोपडी आणि चेहरा असा, की भलत्याच लग्नात जेवायला बसलेत.

पण माणूस सच्चा. म्हणाले, "नुसतं वाचून काय डोक्यात शिरणार? आपणच आपल्या वर्गाची घटना लिहू."

मग माझ्यावर नियम उतरले. बाकाखाली च्युइंगम चिकटवायचं नाही. बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही. चौथा नियम खुद्द कोचचा : कोच ज्याचं नाव घेतील त्याला शिक्षा, उलट बोलणं बंद.

शुक्रवारी सह्या. पंचवीस जणांनी पिसाच्या टाकानं केल्या. ब्रॅडननं तर एवढी मोठी ठोकली, की मला गुदगुल्याच झाल्या. सव्विसावी जोलीन. तिनं टाक खाली ठेवला.

"मी नाही करणार."

"ए बाई, पिझ्झा आलाय!" ब्रॅडन ओरडला. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय पिझ्झा नाही, असं ठरलं होतं.

"मग बस वास घेत. माझं न ऐकताच मला शिक्षा? हा चौथा नियम नाही पटत."

"अगं, चहात बुडवलेला कागद आहे हा," कोच म्हणाले. (लागलंच मला ते.) "सही नाही, तर मार्क नाहीत. या विषयात उडालीस तर नववी विसर."

जोलीननं चोपडी उघडली. "कोच, फिलाडेल्फियात देशाची घटना लिहिली, तेव्हा शेवटच्या दिवशी तिघांनी सही केली नव्हती. लोकांचे हक्क लिहिलेच नाहीत म्हणून. आणि नंतर लिहावे लागले."

"कुठल्या पानावर आहे?"

तिनं दाखवलं. कोच पोरांच्या छोट्याशा खुर्चीत कसेबसे मावले आणि ओळीवर बोट ठेवून वाचत राहिले.

"आयला," ते पुटपुटले. "दर मॅचला मी पंचावर ओरडतो, आधी माझं ऐक म्हणून. आणि इथं मीच..."

त्यांनी चौथा नियम खोडला. खाली लिहिलं : शिक्षेआधी ज्याचं नाव घेतलं त्याचं म्हणणं ऐकायचं. "पटत असेल तर हात वर!"

सगळे हात वर. निम्मे न्यायासाठी, निम्मे पिझ्झ्यासाठी. चालायचंच, मोजताना हात सारखेच!

जोलीननं मला पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पोरं दात-ओठ खात बसली. मग तिनं सही केली, बारीकशी. पण अंगावर सगळ्यांत जास्त वजन तिचंच जाणवतं.

आता मी दाराशेजारी टांगलेला असतो. पोरांनो, कुणी सही मागितली तर आधी वाचत जा. आम्हा कागदांना घाई नसते, घाई माणसांनाच.

परवा कोचच्या टोपीत कुणीतरी दाढीचा फेस भरला. कपाळावरून फेस ओघळतोय आणि कोच कडाडले, "ब्रॅडन!"

ब्रॅडन पांढराफटक. कोचची नजर माझ्यावर पडली. रोखलेलं बोट हळूच खाली आलं. त्यांनी खुर्ची ओढली, डोळ्यातला फेस पुसला.

"बोल बाबा. ऐकतोय."