घसारा वजा जाता

आकड्यांत आपला हात कुणी धरू शकत नाही, असा हिशेबनिसांचा समज होता. ऑफिसात तो फक्त त्यांचाच होता, पण पक्का होता.

त्यांच्या कंपनीने वर्षापूर्वी एक छोटी कंपनी विकत घेतली होती. आता दोन्हींच्या यंत्रसामग्रीचा एकत्रित आकडा हवा होता. हिशेबनिसांनी आपल्या वहीतला आकडा घेतला, त्या छोट्या कंपनीच्या वहीतला घेतला, बेरीज ठोकली आणि चहा मागवला.

त्यांच्या वरिष्ठ मॅडमनी कागद पाहिला. "त्या कंपनीची जुनी प्रेस यात कुठेय?"

"वहीत तिची किंमत शून्य झालीय, मॅडम. दरवर्षी झिजेचा घसारा लावून लावून संपली."

"संपली? रोज धडधडतेय ती! कंपनी घेतली त्या दिवशी तिची खरी किंमत बारा लाख ठरली होती. तीच धरायची. त्यांच्या वहीशी आपल्याला काय करायचंय?"

हिशेबनिसांनी बारा लाख मिळवले.

"आणि वर्षभर वापरली त्याचं काय? सहा वर्षं चालेल म्हणून धरली होती ना?"

दोन लाख वजा. हाच धडा हिशेबनिसांनी गेल्या महिन्यात नव्या लोकांना छाती फुगवून शिकवला होता.

घरी आले तर सासूबाईंची बॅग भरलेली. "आई उद्या ताईकडे चाललीय," बायको म्हणाली.

"इथे मला काम काय, जावईबापू?" सासूबाई म्हणाल्या. "बसून बसून गंज चढला."

हिशेबनिसांच्या ऑफिसच्या गोष्टी ऐकताना न पेंगणारं घरात तेवढं एकच माणूस होतं. आणि त्या राहायला आल्या तेव्हा त्यांचं शिलाई मशीन, 'आता याचा काय उपयोग,' म्हणत माळ्यावर टाकणारे आपणच, हेही आत्ताच आठवायचं होतं!

ते तडक स्टुलावर चढले. मशीन खाली आलं, पण पँट मागून टर्रकन फाटली. बायको पोट धरून हसत सुटली.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी मशीनचं चाक फिरवून पाहिलं, बॅगेतून तेलाची कुपी काढली. "पँट बदला नि ती इकडे द्या. अजून काही उसवलेलं असेल तर तेही आणा. तेवढं झालं की जाईन."

"बघतो हं," म्हणत हिशेबनीस आतल्या खोलीत गेले, दाराला कडी लावली आणि कपाटातल्या धडधाकट शर्टांच्या शिवणी एकेक करून उसवायला बसले.