वहिनी-वेळ

आमच्या ऑफिसात दोन वेळा चालतात. एक भिंतीवरच्या घड्याळाची आणि दुसरी वहिनी-वेळ. ही दुसरी माझ्या डोक्यातून निघाली. तिचा मला इतका अभिमान होता, की आता सांगताना मान वर होत नाही.

आमचं काम म्हणजे जोडप्यांना जुन्या शहराचा शनिवार-रविवार आखून देणं. बस कुठली, खोली कुठली, तटावर कधी चढायचं, संध्याकाळी कुठल्या खिडकीजवळचं टेबल सांगून ठेवायचं, सगळं आम्ही बघतो. मालकांचा नियम एकच, जोडप्याची सहल आधी जोडप्यानंच चालून बघायची. नकाशावर बोट फिरवून आखलेलं त्यांना चालत नाही. आता मालक विधुर, टायपिस्ट बाईंचा नवरा बोटीवर, राहता राहिलो मी. म्हणून गेली अकरा वर्षं, वर्षातून दोनदा-तीनदा, मी बायकोला घेऊन जुन्या शहरात जायचो. हातात स्टॉपवॉच, खिशात वही. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करते. माझ्यासाठी रजा टाकून यायची आणि मी सांगेन तिथं चालायची, सांगेन तिथं बसायची, गादी मऊ आहे का कडक तेही सांगायची.

सुरुवातीला मी माझ्या चालीनं वेळ लावायचो. गिऱ्हाइकं धापा टाकत तक्रार करायला लागली. मग मी हिच्या चालीनं लावायला लागलो. नकाशावर वीस मिनिटं, तर हिची पस्तीस. टायपिस्ट बाई हिला वहिनी म्हणतात, म्हणून नाव पडलं वहिनी-वेळ. माहितीपत्रकात तसंच छापलं आणि लोकांना ते फार आवडलं. मग काय, मला चेव चढला. नुसती वेळ कशाला, म्हणून मी गमतीजमती घालायला लागलो. आमची ही कुठं दमते, कुठं काय बोलते, कुठं रुसते. मालक वाचून टेबलावर थाप मारून हसायचे. माझ्यासारख्या माणसाला तेवढं पुरतं.

हिनं एकदा पत्रक मागितलं होतं. "बघू तरी, एवढं काय लिहिता ते." मी म्हटलं, "बसचं वेळापत्रक आहे, त्यात काय वाचायचंय?" दिवसभर पुस्तकांत बसणारी बाई ती, पण माझ्या शब्दावर गप्प बसली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. लपवण्यासारखं काही नव्हतं, तर मी लपवलं कशाला?

यंदा आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मी विचारलं, काय हवं तुला? ही सहसा काही मागत नाही. पण या वेळी उत्तर तयार होतं.

"मला जुन्या शहरात न्या. पण वही नको, ते घड्याळ नको. नवरा म्हणून चला."

"अगं, आपण दरवर्षी जातोच की."

"तुम्ही कामाला जाता. मी तुमच्याबरोबर असते. आपण दोघं अजून एकदाही गेलेलो नाही."

हे ती भांडणाच्या सुरात म्हणाली असती तर मी उलट बोललो असतो. ती नुसतं खरं सांगावं तसं म्हणाली. मी कबूल केलं. स्टॉपवॉच तिच्यासमोर कपाटात टाकलं, वर वही टाकली. तिनं कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. दोघंही हसलो.

आता शहाणा माणूस असता तर त्यानं दुसरा रस्ता धरला असता, शहराची दुसरी बाजू दाखवली असती. मी नाही. मी आपला स्वतःच आखलेला मार्ग घेतला. त्याहून चांगला मार्ग असूच शकत नाही ही घमेंड. आणि त्याच शनिवारी मी त्याच मार्गावर तीन जोडपी धाडली होती, मंगळवारी स्वतःच्या हातानं त्यांना पत्रकं दिली होती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर असा.

शनिवारची सकाळ छान गेली. इतकी छान, की मला जरा भीतीच वाटली. बसमध्ये ती खिडकीशी बसली होती, करड्या रंगाचे नवे बूट घालून. वेशीतून आत शिरताना तिनं माझा दंड धरला. एरवी माझ्या त्या हातात स्टॉपवॉच असायचं.

मग तटाच्या पायऱ्या लागल्या. एकूण एकशे चौदा. अर्ध्याच्या वर गेलो आणि ती म्हणाली, "थांबा जरा. बूट चावतोय." तिथं भिंतीत एक दगडी बाक आहे. बसलो. ती बूट सैल करत म्हणाली, "ताईच्या घराच्या जिन्याला अशीच बसायला जागा आहे, आठवतं?" आणि ती बहिणीच्या घराबद्दल बोलायला लागली. मी ऐकत होतो. खरंच ऐकत होतो, शपथ घेऊन सांगतो.

खालून हसण्याचा आवाज आला. एक जोडपं चढत होतं. त्यातला तो चष्म्याच्या दुकानात काम करतो. मंगळवारी माझ्यासमोरच बसला होता. पण त्याचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. हातातला कागद तो त्याच्या बायकोला मोठ्यानं वाचून दाखवत होता.

"ऐक, ऐक. 'सत्तराव्या पायरीच्या आसपास आमच्या हिला बूट चावतो. न चुकता चावतो. बाक आहे, बसून घ्या. बसल्यावर बहिणीच्या घराची गोष्ट निघेल. तुम्ही हं हं करत राहा. घंटाघराचे ठोके पडले, की गोष्ट आपोआप संपते.'"

त्याची बायको पोट धरून हसली. शेजारी माझी बायको बोलता बोलता थांबली. तिच्या हातात बुटाची नाडी होती, ती तशीच राहिली.

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. पन्नाशी उलटलेला माणूस, पण शाळेतल्या पोरासारखं वाटलं, की आपण नाही बघितलं तर तोही आपल्याला बघणार नाही. पण त्यानं ओळखलंच.

"अहो साहेब, तुम्ही? म्हणजे या वहिनी?" त्याचा चेहरा फुलला होता. बिचाऱ्याला खरंच आनंद झाला होता. "वहिनी, सकाळपासून आम्ही तुमच्यावरच हसतोय. अगं, या बघ, त्या बूटवाल्या वहिनी."

त्याच्या बायकोनं माझ्या बायकोकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं. बायकांना कळतं. तिनं नवऱ्याच्या पाठीत कोपर मारलं, पण तो कसला थांबतोय.

"बघू?" माझी बायको म्हणाली आणि हात पुढे केला.

त्यानं कागद दिला. तिनं पर्समधून चष्मा काढला. ग्रंथालयात परत आलेलं पुस्तक ती फाटलंय का ते बघत जशी पान पान चाळते, तसा तिनं तो कागद वाचला. आधी एक बाजू, मग उलटून दुसरी. आम्ही तिघं पायऱ्यांवर उभे. मला म्हणायचं होतं, अगं गंमत आहे ती. मी खालच्या पायऱ्या मोजत राहिलो.

"आमच्याकडे ठेवू हा?" तिनं विचारलं.

"ठेवा ना, ठेवा," तो म्हणाला. त्याच्या बायकोनं त्याला बाहीला धरून वर नेलं. वरून तिचा दबका, रागावलेला आवाज ऐकू आला. त्याचा आला नाही.

"किती जणांना दिलाय हा?" बायकोनं विचारलं.

मला आकडा माहीत होता. दरवर्षी छपाई मीच करून घेतो. "असतील दोन-तीनशे," मी म्हटलं. खरा आकडा बाराशेच्या वर आहे. तेव्हाही मी तिच्याशी खरं बोललो नाही.

तिनं नाडी बांधली. घट्ट, दोन गाठी मारून.

"बूट मला कधी चावलाच नाही," ती म्हणाली.

"मग?"

"तुम्ही दुसऱ्या कशासाठी थांबला असतात?"

अकरा वर्षं मी तिथं थांबलो होतो ते बूट चावतो म्हणून, आणि थांबलो तेवढा वेळ वहीत लिहिला होता.

ती पुढं म्हणाली, "याचं मला काही नाही. हसतील तर हसू देत. पण हे पुलावरचं." तिनं कागदावर बोट ठेवलं. मला वाचायची गरज नव्हती. माझंच वाक्य होतं. 'पुलाच्या मध्यावर आमची ही डोळे पुसते. विचारू नका, वाऱ्यानं होतं. चालत राहा, नाहीतर खिडकीजवळचं टेबल जाईल.'

"मला वाटायचं तुम्हाला दिसलंच नाही," ती म्हणाली. "तुम्ही पुढे असायचात. मी म्हणायचे, जाऊ दे, त्यांचं लक्ष कामात आहे, दिसलं असतं तर विचारलं असतं. इतकी वर्षं मी तुमची बाजू घेत होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी वाद घातला असता, माझं तोंड तसं चालतं. मला दिसलं होतं. पहिल्यांदा दिसलं, दुसऱ्यांदा दिसलं, आणि तिसऱ्यांदा मी वाट बघत होतो. मला खात्री करून घ्यायची होती, छापण्याआधी.

वर गेलो नाही. खाली उतरलो. उरलेली दुपार ती माझ्याबरोबर चालली, मागे नाही की पुढे नाही. जिथं जिथं ती दरवेळी काहीतरी म्हणते, त्या प्रत्येक ठिकाणी ती गप्प होती. कुलपं विकणाऱ्याच्या दुकानाशी, कारंज्याशी, उतारावरच्या निळ्या दाराशी. आणि मला प्रत्येक ठिकाण पाठ होतं. मी आपला वाट बघत होतो, की आता म्हणेल, इथं तरी म्हणेल. पुलाच्या रस्त्याला ती वळलीच नाही. लांबून, बाजारातून गेली.

संध्याकाळी खिडकीजवळचं टेबल होतंच. वेटर माझ्या ओळखीचा. त्यानं मेणबत्ती लावली आणि मला डोळा मारला. मी ठरवून बसलो होतो की सरळ माफी मागायची. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "पुढच्या वेळी तुला मानधन देतो बाई." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ती हसली नाही. वेटर हसला, तेव्हा मला त्याच्या तोंडावर मेणबत्ती मारावीशी वाटली. आणि त्याचा तरी काय दोष, आजवर इथं मी असाच बोलत आलोय.

तो गेल्यावर मी हळूच म्हटलं, "चुकलो मी." मग म्हटलं, "पुलावर तुला काय होतं गं?"

तिनं हातरुमालाची घडी घातली. "विचारू नका असं लिहिलंय ना तुम्ही," ती म्हणाली आणि सूप प्यायला लागली.

रविवारी सकाळी दहाला ती आवरून दाराशी उभी राहिली. "मी एकटी जाऊन येते. पाचची बस आहे ना, चारला येते." मी बूट घालायला लागलो तर म्हणाली, "नको." एवढंच.

मी खोलीत बसून राहिलो. खोलीही मीच निवडलेली, खिडकीतून घंटाघर दिसणारी. दर पंधरा मिनिटांनी ठोका पडायचा. एकदा वाटलं खाली जाऊन शोधावं, पण कुठं शोधणार? मला तिचे सगळे थांबे माहीत होते, पण ते मीच ठरवलेले. तिच्या मनानं ती कुठं जाईल हे मला सांगता येईना. पंचवीस वर्षं संसार केला त्या बाईबद्दल मला एवढं सांगता येईना, आणि लोक मला जोडप्यांचा जाणकार म्हणतात. लाज वाटली म्हणणं थोडं होईल. मी स्वतःला नको झालो होतो.

चारला पाच मिनिटं कमी असताना ती आली. गाल उन्हानं लाल झालेले, केस सुटलेले. इतकी मोकळी मी तिला त्या शहरात कधी बघितली नव्हती. पाण्याचा ग्लास तिनं उभ्याउभ्याच संपवला.

"कुठं गेली होतीस?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. सांगावं असं तिच्या मनात आलं होतं, मला दिसलं ते. ओठही हलले. मग तिनं ग्लास खाली ठेवला.

"सांगितलं तर तुम्ही लिहाल," ती म्हणाली.

"नाही गं. आता कधीच नाही."

"बरं," ती म्हणाली आणि बॅग भरायला लागली.

माझ्या शर्टाच्या खिशात हॉटेलच्या कागदाची घडी होती. दुपारी दीडच्या सुमारास, माझं मलाही न कळता, मी त्यावर लिहून ठेवलं होतं: 'बायको रुसली, तर दुसऱ्या दिवशी तिला एकटीला सोडा. सहा तास पुरतात.'