खळग्यातला शेंदूर

मित्रांनो, मी एक म्हातारा जलवेगमापक आहे. नाव भारदस्त असलं तरी मी म्हणजे दांडीवर बसवलेलं पितळी वाट्यांचं चाक. पाणी जोरात, तर मी जोरात. माझ्या गिरक्यांवरून साहेब लोक पाण्याचा हिशेब करत.

१९५८ साली मला पातूरच्या पुढे, ओढ्याकाठच्या छोट्या वीजघरात आणलं. तिथलं टर्बाइन ठरल्याच्या निम्मीही वीज देईना. दोष यंत्रात की पाण्यात, हे माझ्यावरून ठरणार होतं. मोजणी चिंतामणसाहेबांची, आणि माझा दोर धरायला भगवंत माळी. वरच्या अंगाला, त्याच ओढ्याच्या पाटावर त्याचा पानमळा होता; पाणी कमी भरलं, तर त्या पाटावरच गदा येणार होती.

खंडेनवमीला साहेब मला भगवंताकडे ठेवून बडनेऱ्याला घरी गेले. भगवंताच्या बायकोनं, तानुबाईनं, मला विळ्या-खुरप्यांशेजारी मांडलं आणि तेलात कालवलेला शेंदूर लावला. "याच्याच हाती आपला मळा हाये," ती म्हणाली. एवढ्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता. त्या मायेचा एक ओघळ माझा कणा फिरतो त्या खळग्यात उतरला आणि चिकटून बसला.

दसऱ्यानंतर साहेबांनी मला वरवर पुसून वीजघराच्या कालव्यात सोडलं. पाणी धो धो वाहत होतं आणि मी रेंगाळत होतो. ओरडायला मला तोंड कुठलं? साहेबांनी हिशेब मांडला: पाणीच कमी येतं, त्या मानानं टर्बाइन उत्तम चालतं. म्हणजे पाणी वर मळेवालेच पळवतात. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. पाट बंद झाला.

"साहेब, आमी इतकं पानी नाई घेत," भगवंत म्हणाला.

"मी म्हणत नाही, यंत्र म्हणतंय."

ते वाक्य मला आजही जाळतं.

उन्हाळ्यात पानवेली वाळल्या. पाट बंद करूनही वीज मात्र तेवढीच राहिली, तेव्हा कुठे साहेबांनी मला खोललं. रुमालावर घट्ट झालेला शेंदूर आला. ते तसेच मळ्यावर गेले.

"भगवंता, पाट उघडून देतो."

"आता काहून, साहेब? बैल गेला अन् झोपा केला."

तानुबाईची नजर रुमालावर गेली. "हा तं माह्या हातचा हाये," ती म्हणाली आणि खाली बसली. त्यानंतर तिनं कधीच खंडेनवमीला हत्यारं मांडली नाहीत.

मित्रांनो, हत्याराला जरूर पुजा, पण कामाला लावण्याआधी खोलून धुवा. आणि नुसतं यंत्र म्हणतंय म्हणून कुणाचं पाणी तोडू नका. मी आता कपाटात असतो. खळगा लख्ख आहे, मी फुंकरीनंही फिरतो. तानुबाईला त्याचा काय उपयोग?