पाटावरचा फोटो

ज्योत्स्नाबाईंचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं, तरी पाटावर मांडायला फोटो नव्हता. बाई फोटोला भारी बुजायच्या. आधार कार्डावर एक होता, पण त्यात त्या स्वतःच्याच सावत्र बहिणीसारख्या दिसत. दुसरा नवऱ्याच्या, धनराजरावांच्या फोनमध्ये होता. मुलाने, अमितने, आपला जुना आयफोन बापाला दिला, तेव्हा शिकता शिकता काढलेला.

त्या फोटोची गंमत अशी, की त्यावर बोट दाबून धरलं की तो क्षणभर हलायचा आणि ज्योत्स्नाबाई बोलायच्या, "अहो, पुरे आता, चहा निवतोय." एवढंच. वर्षभर धनराजराव रोज चहाच्या वेळी ते ऐकत, आणि हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. अमित बंगळुरूहून विचारायचा, "बाबा, करमतं ना?" हे म्हणायचे, "मजेत आहे." एकटा पडलेला माणूस असं धडधडीत खोटं बोलायला लागतो.

सातपूरच्या स्टुडिओत रविराजने फोटो कॉम्प्युटरवर घेतला, तर तो उघडेचना.

"काका, हा आयफोनचा फॉरमॅट. आमच्या जुन्या मशिनला जेपीजी लागतं. कन्व्हर्ट करतो, लगेच होईल."

"आणि त्यातला आवाज?"

"जेपीजीत कसला आवाज? नुसता फोटो राहील. फ्रेमच करायचीय ना?"

धनराजरावांनी फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. अंबडच्या कारखान्यात त्यांचा जन्म लेथवर गेलेला. रॉडचा बोल्ट केला की रॉड उरत नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. फाइलची नुसती नक्कल निघते, मूळ फोटो आवाजासकट जागच्या जागी राहतो, हे त्यांना कोण सांगणार? रविराज तोंड उघडेपर्यंत काका रस्त्यावर पोचलेसुद्धा.

मग श्राद्धाला पाटावर फोनच उभा केला, तांब्याला टेकवून, वर शेवंतीची वेणी. अमितला सुट्टी मिळाली नव्हती. स्क्रीन काळी पडू नये म्हणून धनराजराव पाटाशेजारी बसून अधूनमधून तिला हात लावत होते. "एवढा पोरगा कमावता, अन् एक फ्रेम होईना?" असं मागे कुणीतरी कुजबुजलं. त्यांनी कानाआड केलं.

सायखेड्याहून ज्योत्स्नाबाईंची धाकटी बहीण मोहिनी आली होती. सवाष्ण गेलेल्या बहिणीला कुंकू लावायला ती पुढे वाकली. फोटोतल्या कपाळावर तिने बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"अहो, पुरे आता, चहा निवतोय."

मोहिनीचं बोट हवेतच राहिलं.

"दाजी, ही बोलती?"

धनराजरावांनी मान हलवली.

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

"अन् तुमी एकटेच ऐकत बसले!" मोहिनीचा आवाज चिरकला. "आई गेल्यावर हिनंच वाढवलं मला. हिचा आवाज इसरत चालले म्हणून लय घाबरले व्हते मी. कोणाला सांगू? वाटलं, दाजींना कशाला आणखी तरास."

आपल्याएवढं एकटं कोणी नाही, असं वर्षभर धनराजरावांना वाटत आलं होतं. त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी पाटावरचा फोन उचलून मेहुणीच्या हातात दिला.

"जरा दाबून धरावं लागतं," ते म्हणाले, आणि ज्योत्स्नाबाई गेल्यापासून पहिल्यांदाच चारचौघांत रडले.