दीर्घिकेतला उंचवटा

एका शांत दिसणाऱ्या दीर्घिकेच्या पोटात जागं कृष्णविवर आहे, असं प्राध्यापकांनी जगाला सांगून टाकलं होतं. त्यांच्या विद्यार्थिनीचा अख्खा प्रबंध त्यावरच उभा होता. उद्या तिची तोंडी परीक्षा. आई-वडील परगावाहून येऊन बसलेले. आणि आज, आलेख जरा देखणा करावा म्हणून प्राध्यापकांनी जुनी फाइल उघडली, तर पायाखालची जमीनच सरकली.

चूक साधी होती. अवरक्त प्रकाशाचा बराचसा भाग वाटेत आपल्या हवेतली वाफ गिळते. म्हणून शेजारच्या एखाद्या ताऱ्याचा वर्णपट घ्यायचा आणि त्याने दीर्घिकेच्या वर्णपटाला भागायचं, म्हणजे वाफेचे डाग जातात. पण त्या ताऱ्याच्या वर्णपटात हायड्रोजनचा स्वतःचा एक खड्डा असतो. तो आधी बुजवावा लागतो; नाहीतर भागाकारात तोच दीर्घिकेत रुंद उंचवटा होऊन उगवतो. प्राध्यापक तो बुजवायला विसरले होते, आणि उगवलेल्या उंचवट्याला त्यांनी कृष्णविवराभोवती गरगरणारा वायू ठरवलं होतं. उंचवटा जरा जागा सोडून होता, तर वायू आपल्याकडे धावतोय, असंही लिहून मोकळे झाले होते. विद्वान माणसाला कारणांची ददात नसते.

ताऱ्याचा खड्डा बुजवला ना, असं विद्यार्थिनीने तेव्हा भीतभीत विचारलंही होतं. सगळ्यांदेखत ते म्हणाले होते, "बाई, तू लिहायचं बघ. तारे मी धुतो." सगळे हसले होते, तीही.

दुपारी जेवताना त्यांनी घरी सांगितलं. बायको दातांची डॉक्टर. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "मी चुकीचा दात काढला तर पेशंट बोंब मारतो. तुझी दीर्घिका काही बोलायची नाही. म्हणून तू गप्प बसणार?"

"तिचे आई-वडील आलेत गं."

"मग त्यांच्यासमोर सांग."

विद्यार्थिनीच्या खोलीवर वडील तिच्या बुटांना पॉलिश करत बसले होते. प्राध्यापकांनी उभ्याउभ्याच सांगितलं, की चूक माझी आहे, उद्याची परीक्षा होणार नाही, परीक्षकांना मी स्वतः कळवतो. ब्रश थांबला. आईने, काही न सुचून, खुर्ची पुढे केली. तीवर बसायचा त्यांना धीर झाला नाही.

"मी विचारलं होतं, सर," मुलगी म्हणाली.

"हो."

"मूळ फाइली पाठवा. सगळ्या."

आपण मदतीला बसतो, असं ते पुटपुटले. ती नको म्हणाली.

वडील जिन्यापर्यंत सोडायला आले. पायऱ्या झिजल्यात, सांभाळून उतरा, म्हणाले. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या, तर प्राध्यापकांना उतरणं सोपं गेलं असतं.